ताईला मिळालेलं औषध

आम्हा दोघी बहिणींना एकच आजार झाला आणि औषध एकीलाच मिळालं. ताई एडिनबरात राहत होती, मी केंब्रिजला राहते. सरकारी खर्चाने कुठलं औषध द्यायचं हे ठरवणारी माणसं स्कॉटलंडमध्ये वेगळी आहेत, इंग्लंडमध्ये वेगळी. तिकडच्यांनी आमच्या औषधाला हो म्हटलं होतं. इकडच्यांचा विचार चालू होता, आणि तो किती काळ चालेल हे कुणी सांगत नव्हतं.

ताई आता नाही. मी आहे. पूर्ण बरी झालेली नाही, पण होते तिथे थांबले आहे, आणि या आजारात थांबणं ही मोठी गोष्ट आहे. आजाराचं नाव लांबलचक आहे आणि ते वाचून कुणाचा फायदा होणार नाही, म्हणून देत नाही. हे मी हळूहळू लिहिते आहे. एक तर बोटं अजून लवकर थकतात, आणि दुसरं म्हणजे भरभर लिहिलं तर मी आमची गोष्ट गोड करून टाकीन. आजारपणावर मी बरंच वाचलं. त्यात भीती भेटली, धीर भेटला, नवऱ्याची साथ भेटली. हेवा फारसा कुठे भेटला नाही. मला मात्र त्या सगळ्या काळात सर्वांत जास्त हेवाच वाटत होता. तुमच्यापैकी कुणाला तसं होत असेल, तर तुम्ही एकट्या नाही, एवढं कळावं म्हणून लिहिते.

निदान

निदानसुद्धा तिचंच आधी झालं. आमच्यात सगळंच तिचं आधी व्हायचं, चष्म्यापासून स्कॉलरशिपपर्यंत. नागपूरहून परदेशीही तीच आधी आली, एडिनबराच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मग आनंदशी लग्न करून मी आले. आनंद सॉफ्टवेअरमध्ये आहे, मी एका कॉलेजच्या लायब्ररीत कॅटलॉगिंग करते.

तिच्या पायांना मुंग्या यायच्या. बऱ्याच तपासण्यांनंतर कुणीतरी जीन टेस्ट केली. त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"शीलू, आईला जे झालं होतं ना, तो अशक्तपणा नव्हता."

आईचे पाय आधी बधिर झाले, मग तिचं चालणं गेलं, मग पोट, मग हृदय. नागपुरात कुणी व्हिटॅमिन दिलं, कुणी शुगरचं औषध दिलं, शेवटी एकाने सांगितलं की बाईंनी मनाला लावून घेतलंय. आई बिचारी शेवटपर्यंत मन मोकळं करायचा प्रयत्न करत राहिली.

"तू पण टेस्ट करून घे," ताई म्हणाली.

"मला काही होत नाहीये."

"तुझ्या हातातून वस्तू पडून राहिल्या म्हणे. आनंद सांगत होता."

आनंदचा मला त्या क्षणी राग आला.

माझं निदान ज्या खोलीत झालं, तिथे टिश्यूचा डबा माझ्या हाताशी येईल असा आधीच ठेवलेला होता. तो पाहिल्यावरच मला कळलं. कन्सल्टंट वयस्कर बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की आमच्या घराण्यातला जीनमधला बदल अतिशय दुर्मीळ आहे. त्यांच्या माहितीप्रमाणे या देशात तो दोघींमध्येच सापडला होता, ताईत आणि माझ्यात. आनंदने माझा हात दाबला. त्याने हात दाबलाय हे मला दिसलं, पण बोटांना ते नीट कळलं नाही.

"औषध आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या बहिणीला ते सुरू होईल. तुम्हाला मी आज लिहून देऊ शकत नाही."

"म्हणजे काय?" आनंद म्हणाला. "एकच देश आहे ना हा?"

"या बाबतीत नाही," त्या म्हणाल्या.

कार पार्कमध्ये आनंदने विचारलं, "एडिनबराला शिफ्ट होऊ या?"

"तुझा व्हिसा?"

व्हिसा त्याच्या कंपनीशी बांधलेला होता. नोकरी सोडली की नवीन स्पॉन्सर शोधा, तोवर धाकधूक. अडचण खरी होती. पण तो म्हणाला, "मी बघतो काहीतरी," आणि मी म्हटलं, "नको." ताईच्या गावात, ताईच्या मागून, ताईच्याच क्लिनिकमध्ये रांगेला उभं राहायचं ही कल्पनाच मला सहन होईना. मरणाची भीती त्यानंतर काही दिवसांनी वाटली.

मार्क

या आजारात हॉस्पिटलच्या फेऱ्या म्हणजे बहुतेक परीक्षाच असतात. कॉरिडॉरमध्ये स्टॉपवॉच लावून चालवतात. एक दांडा मुठीत घट्ट दाबायला सांगतात. डोळे मिटून पायाला कापूस लावतात आणि लागला का विचारतात. मग सगळ्याचा मिळून एक आकडा निघतो.

ताईचा आकडा किती आला, हे मी दर वेळी विचारायचे. ती सांगायची, आणि मग विचारायची, "तुझा?" शाळेत असतानाही असंच व्हायचं. तिचे मार्क आधी कळायचे, मग माझे, आणि मधली शांतता आईच्या लक्षात यायची.

औषध सुरू झाल्यावर तिचा आकडा सुधारला. माझा घसरत गेला. ते आठवड्याचं इंजेक्शन होतं, घरपोच यायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि आपलं आपण पोटात टोचून घ्यायचं. ती हौसेने सगळं कळवायची. एकदा तिने व्हिडिओ पाठवला: स्वतःच्या ब्लाउजचे हुक स्वतः लावताना. भाऊजी, म्हणजे तिचे मिस्टर मिलिंद, मागून टाळ्या वाजवत होते. मी तेव्हा बोटाला रबरी टोपी घालून पुस्तकांची पानं उलटत होते, तीही लायब्ररीतल्या लोकांची नजर चुकवून. तो व्हिडिओ मी आवाज बंद करून पाहिला. तिचं बोट कुठे अडखळतं का, ते शोधत होते. एका जागी अडखळलं. मी मागे नेऊन तेवढंच पुन्हा पाहिलं. मग बदाम पाठवला.

त्या दिवसांत मला कशाने बरं वाटायचं ते आठवते, तेव्हा क्लिनिकमधली एक हेल्थकेअर असिस्टंट समोर येते. तपासणी झाली की ती माझ्या कार्डिगनची बटणं लावायला सुरुवात करायची आणि त्याच वेळी तिच्या कुत्र्याच्या खोड्या सांगायची. बटणं संपायची तेव्हा कुत्र्याची गोष्टही संपलेली असायची. मदत केली असं तिने कधी दिसू दिलं नाही.

शिफारशी

इंग्लंडमध्ये एखादं औषध सगळ्यांसाठी मंजूर नसेल, तर एका रुग्णापुरतं ते मागता येतं. तुमचे डॉक्टर अर्ज करतात आणि एक पॅनेल निर्णय घेतं. अट अशी, की त्याच आजाराच्या इतर रुग्णांपेक्षा तुमची केस वेगळी आहे, हे दाखवावं लागतं.

हे ऐकल्याबरोबर आनंद कामाला लागला. आपल्याकडे अर्ज म्हटला की सोबत शिफारस हवीच. त्याने माझ्या लायब्ररीच्या प्रमुखांचं पत्र घेतलं, माझ्या एम.ए.च्या सरांचं घेतलं. लंडनमधल्या इल्फर्डच्या आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "जयभीम, अहो एकपानी कशाला, दोनपानी देतो." दोनपानी आलं. त्यात मी समाजाचं भूषण होते.

कन्सल्टंटबाईंनी ती सगळी पत्रं मुकाट्याने अर्जाला जोडली. नकार आला. माझी केस वेगळी असल्याचा काही पुरावा दिलेला नाही, असं त्यात लिहिलं होतं.

क्लिनिकच्या नर्सने मला एका मोफत कायदा सल्ला केंद्राचं पत्रक दिलं. तिथे हॅना भेटली. सॉलिसिटर, माझ्याहून बरीच लहान, केस पेन्सिलीने वर खोचलेले. तिने अध्यक्षांच्या पत्राचं भाषांतर पूर्ण वाचलं, हसली नाही, आणि म्हणाली, "सुंदर पत्र आहे. पण हे विचारात घ्यायला त्यांना बंदी आहे."

"बंदी?"

"तुम्ही कोण आहात, काय शिकलात, समाजासाठी काय केलं, यातलं काहीही ते बघू शकत नाहीत. बघायला लागले, तर उद्या झाडूवाल्याच्या आधी प्रोफेसरला औषध मिळेल."

मी समतेची भाषणं ऐकत वाढलेली मुलगी. आनंदने ते दोनपानी पत्र घडी करून खिशात ठेवलं. तुम्ही असा अर्ज करणार असाल, तर हे आमच्याकडून शिकून घ्या. तुमच्या चांगुलपणाची पत्रं गोळा करू नका. तुमच्या शरीरात वेगळं काय आहे, ते डॉक्टरांकडून सविस्तर लिहून घ्या.

हॅनाने नकाराची कारणं नीट वाचली आणि तिला एक गोष्ट खटकली. कन्सल्टंटबाईंनी अर्जात लिहिलं होतं की याच दुर्मीळ बदलाची एकच दुसरी रुग्ण देशात आहे, ती सख्खी बहीण आहे, आणि तिला औषध लागू पडतंय. पॅनेलच्या उत्तरात त्याचा उल्लेखच नव्हता.

"समोर ठेवलेला पुरावा त्यांनी पाहिलाच नाही," हॅना म्हणाली. "इथे आपण धरू शकतो."

मी विचारलं, "मग कोर्ट औषध द्यायला लावेल?"

"नाही. कोर्ट डॉक्टर नसतं. निर्णय चुकीच्या पद्धतीने घेतला असेल, तर तो पुन्हा नीट घ्या, एवढंच ते सांगतं. बऱ्याचदा कोर्टापर्यंत जावंही लागत नाही. आपण आधी एक कडक पत्र पाठवतो. मात्र उशीर चालत नाही, मुदत थोडी असते. लोक रडण्यात महिने घालवतात आणि मग माझ्याकडे येतात."

पत्र गेलं. पॅनेलने पुन्हा विचार करायचं मान्य केलं. फक्त बहिणीचे ताजे रिपोर्ट हवेत, तिच्या संमतीने, असं कळवलं.

म्हणजे मला औषध मिळायचं तर ते ताईच्या मार्कांवर. मी आनंदला म्हटलं, "संमती तू माग तिच्याकडे." त्याने मागितली. तिने फोनवरच हो म्हटलं.

निळी बॅग

त्यानंतर मी ताईचे फोन घेणं बंद केलं. एका शनिवारी ती न कळवता दारात उभी राहिली.

"काहून फोन उचलून नाही राहिली?"

"काम होतं गं."

"लायब्ररीत काय एवढं काम असते? पुस्तकं पळून जाऊन राहिली का?"

ती थकलेली दिसत होती. प्रवासाने असेल असं वाटलं, आणि ती थकलेली दिसतेय याचं मला जरा बरंही वाटलं. स्वयंपाकघरात तिने पिशवी रिकामी केली. सांडग्या मिरच्या, तिळाची चटणी, माझ्यासाठी एक मऊ शाल, आणि सगळ्यात खाली एक निळी कूल बॅग. बॅगेत इंजेक्शनं होती, ओळीने लावलेली.

"हे काय?"

"तुझी आहेत."

"ताई?"

"एक आठवडा माझा, एक तुझा. असं करत साठवली. आई पेरूसुद्धा दोघींत कापायची ना? तसं."

"म्हणजे तू घेतली नाहीस?"

"एक सोडून एक घेतली. मरून नाही राहिले, बघ."

"तू लॅबमध्ये काम करतेस, ताई!"

"म्हणून तर टेंपरेचर बरोबर ठेवलं."

आणि ती हसली. आपला जोक चांगला झाला की नेहमी हसायची तशी, खांदे हलवत.

"भाऊजींना माहीत आहे?"

"त्यांना काय सांगायचं? ते सिग्नल हिरवा झाला तरी दोनदा विचारतात."

मी तिला मिठी मारायला हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या मनात आलं ते असं: औषधही हिलाच मिळालं, आणि आता त्याग करायचा मानही हिलाच. माझ्याकडे वाटून देण्यासारखं काही नव्हतंच. मी फक्त घ्यायचं, डोळ्यांत पाणी आणायचं, आणि आयुष्यभर सांगत राहायचं की माझी ताई म्हणजे देवमाणूस. मी एक इंजेक्शन उचललं. गार होतं, तेवढं बोटांना कळलं. लेबलवर तिचं नाव छापलेलं होतं, सुजाता. मला ते औषध इतकं हवं होतं की हातातून सोडवेना.

मी ते परत ठेवलं आणि म्हटलं, "मला तुझं उष्टं नको."

हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नसे. आजीने तो शब्द आयुष्यभर लोकांकडून ऐकला होता.  ताईने बॅग उचलली आणि इंजेक्शनं एकेक करून माझ्या फ्रिजमध्ये लावली.

"घे नाहीतर नको घेऊस," ती म्हणाली. "पण बाहेर राहून खराब नको व्हायला."

सोमवारी

ताई रविवारी परत गेली नाही. सोमवारी सकाळी आनंदने तिच्यासमोरच हॅनाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

त्याने इंजेक्शनांचं सगळं सांगितलं. हॅना म्हणाली, "त्यातलं एकही टोचून घेऊ नका. दुसऱ्याच्या नावाचं औषध आहे, आणि तुमच्या बहिणीने ताबडतोब तिचा डोस पूर्ववत सुरू करायला हवा." आणि पुढे सांगितलं, "एडिनबराहून रिपोर्ट आलेत. तुमच्या बहिणीचा आकडा घसरलाय. मला कारण कळत नव्हतं. आता कळलं."

मग तिने समजावून सांगितलं. रिपोर्ट असेच गेले, तर पॅनेल म्हणणार की या बदलाच्या एकमेव दुसऱ्या रुग्णावरही औषध चालेनासं झालंय, मग हिला कशाला द्यायचं? घसरण डोस चुकवल्यामुळे झाली, हे ताईने आपल्या क्लिनिकला सांगितलं आणि ते नोंदीवर आलं, तर अर्थ उलटा होतो. औषध होतं तेव्हा सुधारणा, कमी झालं तेव्हा घसरण.

"मी तिला हे सांगायचा सल्ला देऊ शकत नाही," हॅना म्हणाली. "मी तुमची वकील आहे, तिची नाही. तिच्या क्लिनिकने यावर तिचंही औषध थांबवलं, तर मला काही करता येणार नाही. तिने स्वतंत्र सल्ला घ्यावा."

आता जे लिहिते आहे, ते लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ताईचं औषध थांबू शकतं हे ऐकलं, तेव्हा क्षणभर मला वाटलं, थांबू दे. मग आम्ही सारख्या होऊ.

"मी सांगते क्लिनिकला," ताई म्हणाली.

"तुझं बंद केलं तर?" मी विचारलं.

"तर तुला मिळेल ना? तुझं उष्टं घेईन."

आनंद उठून बाहेर गेला. मी फोन ठेवला. ताईने विचारलं, "मिरच्या तळू का?" मी हो म्हटलं. जेवताना मी म्हटलं, "तो शब्द मी…"

"खा," ती म्हणाली.

हो

तिच्या क्लिनिकचे लोक फार चिडले, पण औषध थांबवलं नाही. शिक्षा म्हणून असेल किंवा काळजी म्हणून, दर आठवड्याला एक नर्स घरी येऊन आपल्या डोळ्यांसमोर तिला इंजेक्शन घ्यायला लावायची. माझ्या फ्रिजमधली इंजेक्शनं आनंदने हॉस्पिटलच्या फार्मसीत नेऊन दिली. ताईचा आकडा हळूहळू वर यायला लागला, आणि तो वर येतानाचा रिपोर्टही हॅनाने जोडला.

भाऊजींना सगळं तेव्हा कळलं. त्यांचा मला एकच फोन आला. "शीला, कुणीतरी मला विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं हे खरं होतं.

पॅनेलचं हो आलं, तेव्हा मी लायब्ररीत होते. कन्सल्टंटबाईंनी स्वतः फोन केला. मी टेबलावरचं काम पूर्ण केलं, आनंदला कळवलं, आणि मग ताईला. ती ओरडली. मला तिच्याइतका आनंद झाला नाही. मला वाटलं, हिचं नसांचं नुकसान माझ्याहून कितीतरी कमी, कारण हिने आधी सुरू केलं. मिळाल्यावर हेवा जाईल, असं मी धरून चालले होते. तो गेला नाही, फक्त बारीक झाला. औषध मिळाल्यावरही तुम्हाला कुणाचा तरी हेवा वाटत राहिला, तर दचकू नका.

काही महिन्यांनी माझी घसरण थांबली. एके दिवशी पान उलटताना कागदाची कड बोटाला लागली. लागली, म्हणजे कळली. मी ते पान दोनचार वेळा उगाच उलटलं.

खुर्च्या

ताई कामावरच कोसळली, सकाळची. हृदय. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं की या आजाराने तिच्या हृदयाला औषधाच्या आधीच धरलं होतं, आणि चुकवलेल्या डोसांमुळे असं झालं, असं कुणालाही म्हणता येणार नाही. तसं झालं नाही, असंही त्यांनी म्हटलं नाही.

ती गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम एडिनबरातल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये झाला. त्रिशरण-पंचशील झाल्यावर लोक बोलायला उठले. हॉल भरला होता, मागे लोक उभे होते. तिच्या लॅबमधले, तिने शनिवारी मराठी शिकवलेली मुलं, कुणाकुणाचे आईवडील. माझ्यासाठी एवढे लोक येणार नाहीत, हे मी तिथे बसून मोजलं. एका बाईंनी उठून इंजेक्शनांची गोष्ट सांगितली, की सुजाताने आपल्या तोंडचा घास काढून धाकट्या बहिणीला दिला. लोकांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. मी ती इंजेक्शनं घेतली नव्हती, हे उभं राहून सांगावंसं वाटलं. मग माझ्या फ्रिजमध्ये ती ओळीने लावणारे तिचे हात आठवले, आणि मी बसून राहिले.

लोक गेल्यावर आम्ही घरचे हॉल आवरत होतो. मी खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी रचत होते. भाऊजी आले आणि बघत उभे राहिले.

"जमतं तुला?"

"हो, भाऊजी."

"सगळं?"

"बरंचसं."

त्यांनी एक खुर्ची उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"मला तुझा राग येतो, शीला. डॉक्टर काय म्हणतात ते माहीत आहे मला. तरी येतो. तू खुर्ची उचललेली बघवत नाही."

"कळतं मला."

"नाही कळत."

"भाऊजी, मला कळतं," मी म्हटलं. "मी ताईकडे इतकी वर्षं तशीच बघत होते."

ते माझ्यासमोर बसले.  मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू म्हणावं इतकं ते मोठं नव्हतं.

"तिला माहीत होतं. म्हणायची, शीलू जळून राहिली माझ्यावर."

"कधीपासून माहीत होतं?"

"लहानपणापासून, म्हणायची. मी एकदा चिडलो, म्हटलं, आणि तू तिच्यासाठी स्वतःचं औषध सोडलंस? तर म्हणाली, जळू दे ना. निदान माझ्याकडे बघून तर राहिली."

 मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. आनंद दारातून आत आला, आम्हाला पाहून परत गेला.

"मला तिच्यासारखं मन मोठं करता येणार नाही," भाऊजी म्हणाले. "मला वेळ लागेल. मी फोन केला नाही तर राग मानू नकोस."

"नाही मानणार."

"आणि एकही डोस चुकवू नकोस." आवाज कापला तशी ते उठले आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. "ऐकलंस का? एकही."

"नाही चुकवत," मी म्हटलं.

मग उरलेल्या खुर्च्या आम्ही दोघांनी मिळून उचलल्या.